फाईल येऊ द्या, मग सांगतो

माऊसवर स्टीलचा पेला पालथा घातला होता. नीलिमा मेश्रामनं तो सहज उचलला, तर मागून कोणीतरी श्वास रोखल्याचा आवाज आला.

"हात नका लावू मॅडम," दारातला माणूस म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते. "लोडिंग चालू आहे."

"मग पेला काहून?"

"माऊसले कोणी हात लावू नये म्हणून. मागं एकानं लावला होता. फाईल मधातच मेली."

नीलिमानं पेला होता तसा पालथा घातला. पडद्यावर ओळी येत होत्या. एक आली... थांबली. मग दुसरी आली. भोपाळहून पायी निघाल्यासारख्या येत होत्या, आणि आत शिरण्याआधी दारात चप्पल काढून ठेवत होत्या.

"सॉरी भैया," ती म्हणाली.

यात तिचा काही हेतू नव्हता. रायपुरात रिक्षावाला भैया असतो, भाजीवाला भैया असतो, आणि ज्याचं नाव माहीत नाही तो तर असतोच असतो. पण हा शब्द ऐकून समोरच्याचा चेहरा असा उतरला, की नीलिमानं त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. सावळा, उंच, बाह्या दुमडलेला निळा शर्ट, आणि डोळे... पाहून झाल्यावर तिलाही वाटलं, शब्द परत घ्यायची काही सोय असती तर बरं झालं असतं.

"मी प्रशिक," तो म्हणाला. "प्रशिक रामटेके. इथं राखणीले असतो."

राज्य नवं होतं, भोपाळपासून नुकतंच वेगळं निघालेलं. इतकं नवं, की कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग बोटाला लागायचा. जमीन वाटून झाली होती, नद्याही वाटून झाल्या होत्या, आता माणसं वाटायची होती. कोणता कर्मचारी भोपाळला राहणार आणि कोणता रायपूरला येणार, याची फाईल भोपाळहून यायची. संगणकाची फाईल, साधा मजकूर: एका माणसाची एक ओळ, आणि नाव, पत्ता, हुद्दा यांच्या मध्ये एकेक स्वल्पविराम. स्वल्पविराम पत्त्यातही असू शकतो, हे भोपाळच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यामुळं पुरानी बस्तीत राहणाऱ्या एका कारकुनाचा हुद्दाच 'पुरानी बस्ती' असा लागला, आणि तो सद्गृहस्थ त्या हुद्द्यावर बिनतक्रार काम करत राहिला. पुढं स्वल्पविराम काढून त्याच्या जागी उभी रेघ आली. माणसं आपापल्या रकान्यात गेली. फाईल मात्र आधीसारखीच रांगत राहिली.

कर्मचारी-वाटप कक्ष एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत थाटला होता. संगणक होता तिथं पूर्वी एक्स-रे काढत. खिडकी नव्हती, दारावर 'श्वास रोखकर रखें' अशी पाटी राहून गेली होती, आणि ती कोणाला काढावीशीही वाटली नव्हती. फाईल पडद्यावरच्या चौकटींच्या तक्त्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, पूर्ण भरायला दोन चहा, एक पान आणि नव्या राजधानीत जमिनीचे भाव कुठवर जातील यावरची एक चर्चा, एवढा वेळ लागे. त्या वेळात दुसरं काही करता येत नसे, म्हणून सगळी शाखा समोरच्या टपरीवर जाई. मागं फक्त राखणदार उरे. कोणी माऊसला हात लावू नये, कोणी त्याच बोर्डावर कूलर लावू नये, यासाठी. हे काम प्रशिककडे होतं, कारण तो वयानं सगळ्यांत लहान होता आणि चहा टेबलावर आणून प्यायची त्याची तयारी होती.

फाईल संपली की संगणक 'टिंग' करी. शाखाप्रमुख नरहरी पिंपळापुरे यांनी खास हुकूम काढून त्याला जुने स्पीकर जोडून घेतले होते. टिंग टपरीपर्यंत ऐकू जाई, आणि सगळी शाखा ओठ पुसत परत येई.

"मॅडम, हे जलद करायचं," पिंपळापुरे साहेबांनी पहिल्याच दिवशी नीलिमाला सांगितलं. "पण मले काम होताना दिसलं पाहिजे बरं का. ओळी येताना दिसत नसतील तर सरकारले वाटते माणूस झोपला." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दिवाळीआधी सचिव मॅडम येऊन राहिल्या पाहणीले. त्यांच्यासमोर ही फाईल अशीच रांगली, तर काम हैदराबादच्या कंपनीले. वरून तसा निरोप आहे."

नीलिमा ज्या कंपनीत प्रोग्रॅम लिही, ती समता कॉलनीत, दातांच्या दवाखान्याच्या माडीवर होती. खाली ड्रिल चाले, वर नीलिमाचा कीबोर्ड. हे काम गेलं तर कंपनीत तिच्यासाठी दुसरं काम नव्हतं. आणि तिच्या आईनं, मीराबाईंनी, पुण्याच्या भावाकरवी तिथं एक नोकरी बघूनच ठेवली होती. "इथं काय ठेवलं आहे, पोट्टे?" त्या रोज विचारायच्या. इथं काय ठेवलं आहे, ते नीलिमाला सांगता येत नसे. एक्स-रेच्या खोलीत ठेवलं आहे, असं आईला कसं सांगणार.

कारण ती आता आठवड्यातून बऱ्याचदा तिथं जात होती. फाईल का रांगते ते बघायला. बघायचं म्हणजे बसायचं, आणि बसायचं म्हणजे प्रशिकशेजारच्या लोखंडी स्टुलावर. बाहेर झड लागलेली असायची, दोन-दोन दिवस न थांबणारी. आत ओल्या छत्रीखाली पाण्याचं तळं साचत जायचं, आणि पडद्यावर ओळ यायची... थांबायची.

"तुम्ही काहून नाही जात टपरीवर?" तिनं एकदा विचारलं.

"राखण."

"मी आहे ना. मी ठेवतो लक्ष, तुम्ही जा."

प्रशिक विचारात पडला. "तुमच्यावर कोण ठेवीन मग? पहिल्या दिवशी पेला तुम्हीच उचलला."

"तुम्ही ते विसरणार नाही काय?"

"ते विसरीन," तो म्हणाला. "त्याच्यानंतर जे म्हटलं होतं ते नाही विसरत."

नीलिमानं छत्री उगाच या हातातून त्या हातात घेतली. त्या 'भैया'नंतर तिनं त्याला कशानंच हाक मारली नव्हती. 'अहो' म्हणायला लवकर होतं, 'रामटेकेजी' म्हणायला तो पन्नाशीचा नव्हता, आणि नुसतं 'प्रशिक' म्हणायचं तर... म्हणून ती वाक्यं मधूनच सुरू करी.

प्रशिकची एक गंमत तिच्या लक्षात आली होती. साधं बोलायचं असलं की तो मराठीत बोले. लाजला की हिंदीत जाई. हिंदी हे त्याचं आडोशाचं झाड होतं. त्या दिवशी पडद्याकडे पाहता पाहता तो एकाएकी म्हणाला, "एक बात थी..."

"सांगा."

"मतलब... अभी नहीं." त्यानं पेल्यावरून बोट फिरवलं. "फाईल येऊ द्या, मग सांगतो."

ती थांबली. ओळी आल्या, आल्या, आणखी हळू आल्या. शेवटची ओळ दिसली, प्रशिकनं घसा साफ केला, आणि संगणक म्हणाला, 'टिंग'. क्षणात पिंपळापुरे साहेब, त्यांच्यामागून तीन कारकून आणि भज्यांचा वास, असे सगळे आत आले.

पुढच्या खेपेला फाईल येता येता वीज गेली. त्याच्या पुढच्या खेपेला टिंग झालं आणि पुन्हा भजी आली. दर वेळी तो म्हणे, फाईल येऊ द्या, मग सांगतो. आणि दर वेळी फाईल आली की तिच्याबरोबर सगळं सरकार येई. एका संध्याकाळी पंडरीच्या कापडबाजारात आईसाठी साडी घ्यायला गेलेली नीलिमा दुकानात उभी राहिली आणि तिला स्पष्ट कळलं, की सचिव, हैदराबाद, पुणे हे सगळं ठीक आहे. पण आपल्याला ते एक वाक्य ऐकायचं आहे. ते ऐकायचं तर ही फाईल जलद आणल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रेमात माणसं डोंगर चढतात म्हणे. नीलिमाच्या वाट्याला ग्रिड आली होती.

पहिला उपाय तिला वाटला तो सोपा होता. एकेक ओळ आली की ग्रिड सगळा पडदा पुन्हा रंगवत होती. तिनं प्रोग्रॅमला सांगितलं, शेवटची ओळ येईपर्यंत पडदा रंगवायचा नाही. वेळ जवळपास निम्म्यावर आला. ती आनंदानं पिंपळापुरे साहेबांना बोलवायला गेली, पण व्हरांड्यात चुकामूक झाली. ती एका दारानं बाहेर, ते दुसऱ्या दारानं आत. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. प्रशिक पेल्याआडून हात पसरून म्हणाला, "साहेब, चालू आहे ते, आतून चालू आहे."

"आतून?" साहेबांनी एकवार निपचित पडद्याकडे पाहिलं. ज्या गावात थांबलेला पडदा म्हणजे मेलेला पडदा, तिथं त्यांनी जे केलं तेच कोणीही केलं असतं. त्यांनी भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं.

संगणक पुन्हा चालू व्हायला संध्याकाळ झाली. "मॅडम," साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "मी म्हटलं होतं, काम दिसलं पाहिजे. पाहणी याच सोमवारी आहे. मी हैदराबादवाल्यायले फोन करून ठेवतो."

नीलिमा लोखंडी स्टुलावर बसून राहिली. तिनं जुन्या प्रोग्रॅमची पानं पडद्यावर उघडली, आणि प्रशिक शेजारी उभा राहून, न समजणाऱ्या गोष्टीकडे आदरानं पाहतात तसा पाहत होता. एका जागी तिचं बोट थांबलं.

"हे काय आहे? प्रत्येक नवी ओळ आली की हा रकान्याची रुंदी मोजते. म्हणजे त्या एका ओळीची नाही. पहिल्यापासून सगळ्या ओळींची." तिचा आवाज चढत गेला. "पंडरीतल्या एखाद्या शिंप्यानं वरातीतला नवा पाहुणा आला की आधीच्या सगळ्या वरातीची मापं पुन्हा घ्यावी, तसं हे करून राहिलं. म्हणून शेवटी शेवटी इतकी रांगते. कोणत्या शहाण्यानं लिहायले लावलं हे?"

शहाणा पेल्याची कड पुसत होता.

"तुम्ही?"

"वो ऐसा था..." तो झाडाआड गेला, मग स्वतःच बाहेर आला. "कांकेरहून एक मास्तरीण आल्या होत्या. अंजनाबाई हरिदास गणवीर-नंदेश्वर. रकाना लहान होता, तर इथं पडद्यावर नाव आलं अंजनाबाई हरिदास गण... आणि पुढचं कापलं. त्या एवढ्या लांबून बसनं आल्या. मले विचारते, भैया, बाकीची मी भोपाळलेच राहिली काय?"

नीलिमा हसली नाही.

"मी पहिल्या प्रोग्रॅमरले म्हटलं, कोणाचं नाव कापू नका. जेवढं लांब असेल तेवढा रकाना करा. त्यानं हे केलं. मले काय माहीत, असं मापं घेत बसते ते."

बाहेर झड थांबल्यासारखी वाटली; थांबली नव्हती, नीलिमाला ऐकू येत नव्हती एवढंच. साऱ्या राज्याचं काम अडलं होतं ते का, तर या माणसाला कोणाचं नाव अर्धं ठेवायचं नव्हतं. अशा माणसाचं काय करावं, हे कुठल्याच प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात दिलेलं नसतं.

"आणखी एक," ती हळूच म्हणाली. "या प्रोग्रॅममध्ये एकाच जिल्ह्याच्या ओळी मागवायची सोय आहे. रोजच्या कामाले तेवढं पुरते. ती फाईल चिमूटभर. मग तुम्ही दर वेळी पूर्ण राज्य काहून लावता?"

प्रशिकचे कान तांबडे झाले. "पूरा राज्य देखना पड़ता है कभी-कभी."

"रोज?"

"रोज नहीं," तो पेल्याकडे बघत म्हणाला. "आप आती हैं, उस दिन."

नीलिमा उठली, छत्री घेतली, दारापर्यंत गेली, छत्री विसरली, परत आली. "सोमवारी पूर्ण राज्यच लावायचं," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाही आलं, तर मी पुण्याले जातो."

मग ती काय करत होती, ते दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारावं; वरच्या कीबोर्डचा आवाज ड्रिलपेक्षा मोठा झाला होता. रविवारी तिनं प्रशिकला माडीवर बोलावून समजावलं. "लग्नाची पंगत पाहिली ना? हजार माणसं आली म्हणून हजार पानं एकदम वाढत नाही कोणी. जे बसले त्यायले वाढायचं. पडद्यावर एका वेळी दिसतात किती ओळी? पंचवीस-तीस. फाईल मी एका घासात उचलून आत ठेवतो, आणि ग्रिडमध्ये वाढतो फक्त दिसणाऱ्या ओळी. तुम्ही खाली सरकले, की पुढची पंगत."

"आणि नाव?"

"घास घेतानाच सगळ्यांत लांब नाव कोणाचं ते बघून ठेवतो. एकदाच. रकाना त्या मापाचा." ती थांबली. "अंजनाबाई पूर्ण येतील."

प्रशिकनं खिशातून रुमाल काढून तिचा पडदा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

सोमवारी सचिव मॅडम आल्या. खोलीत मावतील त्याहून जास्त माणसं त्यांच्यामागं आली. पिंपळापुरे साहेबांनी पूर्वतयारी म्हणून टपरीवर चहा सांगून ठेवला होता, म्हणजे लोडिंग सुरू झालं की पाहुण्यांना तिकडं नेता येईल. प्रशिकनं माऊसवरचा पेला उचलला, सगळ्यांसमक्ष, आणि बाजूला ठेवला. तीन कारकुनांनी नजर वळवली. नीलिमानं पूर्ण राज्य निवडलं आणि कळ दाबली.

ग्रिड भरलेली होती.

सचिव मॅडम म्हणाल्या, "जी, शुरू कीजिए."

"हो गया मॅडम," नीलिमा म्हणाली.

"क्या हो गया?"

"पूरा राज्य."

पिंपळापुरे साहेब पुढं झाले. घामाघूम चेहऱ्यानं त्यांनी मराठीत कुजबुज केली, "पोट्टे, पहिलं पान दाखवून फसवून राहिली काय? ओळी आल्याच नाही. मी पाहत होतो ना."

"शेवटची ओळ बघा साहेब." तिनं कळ दाबली. ग्रिड तळाशी गेली. सरगुजाकडचा कोणी जंगल-चौकीदार शेवटच्या ओळीत शांतपणे उभा होता. वर नेली, पहिली ओळ जागेवर. मध्ये नेली, कुठंही नेली. जिथं जाई तिथं पंगत वाढलेली. साहेबांनी स्वतः माऊस हातात घेतला, नोकरीत पहिल्यांदाच, आणि बाजारात पोत्यातलं धान्य पाहावं तशा मधल्या-मधल्या ओळी उकरून पाहिल्या. पुरानी बस्तीचा कारकूनसुद्धा सापडला. त्याचा हुद्दा आता 'कनिष्ठ लिपिक' असा होता.

"कांकेर दिखाइए," सचिव मॅडम म्हणाल्या. कांकेर आलं. त्यांचं बोट एका ओळीवर टेकलं. "इतना लंबा नाम, और पूरा आया है. मेरा तो हर सूची में कट जाता है." त्या पहिल्यांदाच हसल्या. "हैदराबाद को मना कर दीजिए. ये काम यहीं रहेगा."

पिंपळापुरे साहेब मागं वळून शाखेला म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, जलद करा म्हणून." मग टपरीवर आधीच सांगितलेल्या चहाची आठवण होऊन ते सगळ्यांना घेऊन तिकडं गेले. लोडिंग संपल्यावर चहा प्यायला जाण्याची त्या कक्षाची ती पहिलीच वेळ.

खोलीत दोघं उरले. राखणीचं आता काहीच कारण नव्हतं, तरी प्रशिक राखणीच्या खुर्चीवर बसला आणि पेला दोन्ही हातांत धरून राहिला. बाहेर ऊन पडलं होतं. खिडकी नसल्यामुळं ते दाराच्या फटीतून येऊन नीलिमाच्या पायाशी बसलं.

"जमलं," तो म्हणाला.

"हो."

"आता तुम्हाले इथं येऊन बसायची गरज नाही."

"नाही."

पेला एकदा इकडून तिकडं फिरला. "मले एक सांगायचं होतं. पण..." त्याची नजर सवयीनं पडद्याकडे गेली. "एकदा फाईल..."

नीलिमानं हात लांब करून कळ दाबली. पूर्ण राज्य. त्याचं वाक्य अजून अर्ध्यावर होतं.

"आली," ती म्हणाली.

प्रशिकनं पडद्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, कारण आता टिंग होणार आणि भजी येणार.

"टिंग मी काढून टाकलं," नीलिमा म्हणाली. "कोणी येत नाही. सांगा आता... प्रशिक."

त्यानं पेला टेबलावर ठेवला. पालथा नाही, सरळ. तोंड उघडलं, आणि नीलिमाला वाटलं, आता हा हिंदीत जाणार. तो गेला नाही.

"मी आईले तुमच्या घरी पाठवू काय?"

नव्या फाईलचा वेळ कक्षात सगळ्यांत कमी होता, पण तिच्या उत्तरानं तो विक्रम तिथल्या तिथं मोडला.

"हव," नीलिमा म्हणाली.